पांझरा-मोसमकाठची फड पद्धत
धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांच्या काठी काही शतकांपूर्वीपासून रूढ झालेली फड पद्धत ही शेतकऱ्यांनी स्वतः चालविलेली सामुदायिक सिंचनव्यवस्था होय. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी अडवावयाचे, ते पाटाने, म्हणजे कालव्याने, केवळ उताराच्या बळावर शिवारात आणावयाचे आणि पाटाखालच्या जमिनीचे काही मोठे भाग पाडून प्रत्येकात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे, अशी तिची रचना असून या भागांनाच फड म्हणतात. कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात गहू, हे मालक एकट्याने ठरवीत नसे. ते गावाचे पंच नदीचे पाणी पाहून ठरवीत, आणि पाणी तोकडे असल्यास एखादा फड पडीक ठेवीत. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे टंचाईचा भार एकाच घरावर पडत नसे, आणि या पद्धतीचे खरे मर्म येथेच आहे. पाणी सोडणारा पाटकरी आणि पिकांची राखण करणारा जागल्या यांना मोबदला बहुधा धान्यरूपाने मिळे. शेतकऱ्याने आपल्या वाफ्यात स्वतः पाणी वळवून घेणे, जे आज सर्वत्र स्वाभाविक वाटते, ते येथे नियमबाह्य होते. पुढे मोसमवरील हरणबारीसारखी धरणे झाली, विहिरी वाढल्या, नगदी पिकांची ओढ लागली आणि अनेक गावांतील फड मोडले.