अनुदानाची तूट आणि शाळेचा आराखडा



शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणासही तेच पुन्हा सांगावे लागले. तिजोरीत खडखडाट झाला की शाळेचे अनुदान लांबते आणि गुरुजी पदरमोड करून वीजबिल भरतात. ही निष्ठा वंदनीय खरी. परंतु तिची नोंद कोठेच होत नाही व गरज झाकली जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीचा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार होय. म्हणून गळके छप्पर, थकलेले बिल यांची आकड्यांसह नोंद करून समितीचा ठराव जोडावा. मागितलेले सर्व मिळेलच असे नाही. परंतु न मागितलेले टंचाईच्या काळात कोण देणार?