माझा हेडसेट आणि वडिलांचे कान



नववीत बाई मला म्हणाल्या होत्या, "अरे, हळू बोल, इथे माग चालू नाहीत." सगळा वर्ग हसला, मीही हसलो. आमच्या घरी सगळेच ओरडून बोलायचे. खाली यंत्रमाग आणि वर आम्ही. वडिलांनी तीस वर्षं माग चालवले. आज त्यांच्याशी कानाजवळ जाऊन बोलावं लागतं.

संयोजक म्हणाले, "वैमानिक झालास, त्यातलं काही सांग." म्हणून हेडसेटबद्दल सांगतो.

बारामतीला विमान शिकायला गेलो, तेव्हा एका सीनियरकडून जुना हेडसेट घेतला. डेव्हिड क्लार्क कंपनीचा, हिरवा, जड. सेसनाचं इंजिन सुरू झालं आणि वाटलं, आलो की घरी! हेडसेट चढवला तसा तो खडखडाट मागे सरला. स्वतःचाच आवाज कानात ऐकू येऊ लागला, म्हणून आपोआप हळू बोललो. बाई, तुमचं अर्धं राहिलेलं काम त्या हेडसेटनं केलं.

त्याला दोन पिना होत्या, एक ऐकायची आणि एक बोलायची. पुढे अमेरिकेतल्या छोट्या विमानांतही त्या बरोबर बसल्या. मला वाटलं, जगभर हेच असणार. युरोपात एअरबसच्या प्रशिक्षणाला गेलो, तर तिथे पाच टोकांची एकच गोल पिन! माझा हेडसेट मांडीवर ठेवून बसलो. दोष माझाच, आधी विचारलं नव्हतं. हेलिकॉप्टरला बहुधा आणखी तिसरीच पिन लागते. तेव्हा कळलं, हेडसेट देश बघून नव्हे, विमान बघून घ्यायचा. आपल्या कुणाचं मूल या क्षेत्रात जात असेल, तर एवढं लक्षात ठेवा. जोडणी मिळते, पण ती आधी विकत घेतलेली बरी.

नंतर अमेरिकेत आवाज कापणारा हेडसेट घेतला. अशा हेडसेटची किंमत हजार डॉलरच्या घरात असते, त्यामुळे महिनाभर विचार केला. त्यामागची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासातच सुचली. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. कानावरच्या वाटीत छोटा माइक असतो. तो बाहेरची घरघर टिपतो आणि यंत्र तिच्या उलट लहर सोडते. दोन्ही एकमेकींना खातात. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट १९८९ साली बाजारात आला.

मागे सुट्टीत आलो, तेव्हा तो जुना हिरवा हेडसेट मागाजवळ उभ्या वडिलांच्या डोक्यावर चढवला. ते दचकून म्हणाले, "माग बंद पडला का?" मग काढून ठेवत म्हणाले, "नको. धागा तुटला तर आवाजावरून कळतं." त्यांचं म्हणणं चूक नाही. पण हेडसेट घालूनही मला इंजिनाचा बिघडलेला सूर कळतोच. कानाला त्याची सवय व्हावी लागते.

८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडला, तर आतल्या नाजूक पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. यंत्रमागाचा आवाज त्याच्या वरच असतो. माझे कान वैद्यकीय तपासणीत नियमित तपासले जातात. वडिलांचे कान तीस वर्षांत कुणी तपासले नाहीत. मीसुद्धा नाही.

आपल्यातले काही मित्र आज कारखानदार आहेत, काही डॉक्टर आहेत. माझा हेडसेट महाग असेल, पण मागावर घालायचं साधं कानझाकण काही शे रुपयांत येतं आणि फोमचे बोळे तर चहाच्या पैशांत. ते कामगारांना द्या, वर्षातून एकदा त्यांचे कान तपासा. सुरुवात आमच्याच मागांपासून करूया, पहिला खर्च माझा.

आज वडील इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. मी काय बोललो, ते घरी गेल्यावर मला त्यांना पुन्हा सांगावं लागेल. मोठ्यानं.