संशोधक आईच्या पाठीशी कोण?

(महिला मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



स्त्रीच्या विद्वत्तेचा विषय निघाला की आपल्या व्यासपीठांवर गार्गी आणि मैत्रेयी यांचे स्मरण होते. ते योग्यच आहे. मात्र गार्गी जनकाच्या सभेत याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारीत होती तेव्हा तिच्या घरी चूल कोण सांभाळीत होते, हे उपनिषद सांगत नाही. आजच्या संशोधक मुलीला नेमके तेच जाणून घ्यायचे आहे. तेव्हा फार मागे न जाता पुण्यातच डोकावणे बरे.

इरावतीबाई कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम. ए. केल्यानंतर १९२८ मध्ये त्या मानववंशशास्त्राच्या अध्ययनासाठी बर्लिनला गेल्या. तेव्हा त्यांचा विवाह झालेला होता. सासरे म्हणजे साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी उभे आयुष्य झिजविले, त्या महर्षींचाही सुनेच्या या परदेशगमनाला विरोध होता! समाजाला एक सांगणे आणि घरच्या सुनेबाबत निर्णय घेणे यांत किती अंतर असते, ते यावरून ध्यानात यावे. पती दिनकरराव हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ते ठाम राहिले आणि इरावतीबाई गेल्या. डॉक्टरेट संपादून १९३० च्या सुमारास त्या परतल्या.

पुढचा काळ अधिक महत्त्वाचा आहे. थोरली कन्या जाई १९३२ ची, चिरंजीव आनंद १९३६ चे आणि धाकटी गौरी १९४२ ची. याच दशकात बाईंनी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम पाहिले. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या, पुढे १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. कॉलेजात रुजू झाल्या तेव्हा मुलगा जेमतेम तीन वर्षांचा होता. गौरीच्या बालपणीच गुजरातेत लांघणज येथे डॉ. सांकलियांबरोबर उत्खननाचे काम चालले होते. भारतातील आप्तसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. इरावतीबाईंची सर्वच मते आपल्याला पटतील असे नाही. ‘युगान्त’मधील महाभारताची चिकित्सा वाचून अस्वस्थ झालेले वाचक आजही भेटतात. परंतु पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चाललेली ही विदुषी या मातीचीच होती.

‘परिपूर्ती’ हा त्यांचा लेख अनेकांनी वाचला असेल. सभेत त्यांची ओळख करून दिली जाते: अमक्याची मुलगी, अमक्याची सून, अमक्याची पत्नी. काही तरी उणे राहिल्यासारखे त्यांना वाटते. वाटेत खेळणारी मुले त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ती ओळख पुरी होते. हा लेख मातृत्वाचा गौरव म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. पण तो लिहिणारी आई चार भिंतींतली नव्हती, प्रवास करणारी, मोजमापे घेणारी, उत्खननाच्या जागी उन्हात उभी राहणारी होती, हे सांगायचे मात्र राहून जाते. लेखाचा अर्धाच भाग घेऊन आपण समाधान मानतो.

बंगालमध्ये असीमा चटर्जी यांचे उदाहरण आहे. औषधी वनस्पतींच्या रसायनशास्त्रातील हे मोठे नाव. १९४७ मध्ये त्या संशोधनासाठी अमेरिकेला निघाल्या, त्या तान्ह्या मुलीला आणि तिला सांभाळणाऱ्या बाईंना बरोबर घेऊनच. १९६१ साली भटनागर पुरस्कार मिळविणारी पहिली स्त्री त्या ठरल्या. आपल्या कमला सोहोनी यांनी केंब्रिजची पीएच. डी. १९३९ मध्ये मिळविली, १९४७ मध्ये विवाह केला आणि दोन मुलगे वाढवीत मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले.

या तिघींच्या पाठीशी कर्तृत्वाइतकीच घरची परिस्थितीही होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. समजूतदार पती होता, मदतीची माणसे होती. सर्वांना ते कोठून लाभणार?

आज कायदा पूर्वीपेक्षा उदार आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थिनीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, मुदतीतही दोन वर्षांची सवलत आहे. खंडानंतर परतणाऱ्या स्त्री-वैज्ञानिकांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून योजना आखली. हे सारे स्वागतार्ह. पण प्रयोगशाळेतील पेशी रजेवर जात नाहीत, आणि शोधनिबंध दुसऱ्या कोणी आधी प्रसिद्ध केला तर तो गेलाच. पीएच. डी. पुरी होऊन पहिली कायम नोकरी मिळण्याचा काळ आणि मूल होण्याचा काळ एकच असतो. अडचण तिथेच आहे.

करिअर की मूल, ही निवडीची भाषा आपल्या परंपरेची नव्हे, असे आपण अभिमानाने म्हणतो. कुटुंबव्यवस्था हे आपले बलस्थान, असेही म्हणतो. मग प्रत्यक्षात काय दिसते? आजी-आजोबा सांगलीला, मुलगी-जावई बंगळुरूला. बाळ आजारी पडले की सुटी तिनेच घ्यायची, असे गृहीत धरलेले. सून संशोधन करते याचे चारचौघांत कौतुक होते, पण सणावाराला प्रयोग आटोपून उशिरा आली की घरात नापसंती दिसते. जिजाऊंच्या नावाने मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या घरातच हे घडत असेल, तर पाश्चात्त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

यावर उपाय फार अवघड नाहीत. मुलाचा पहिला ताप निघाला की त्या दिवशी बापाने घरी राहावे. निवृत्त झालेल्या सासूसासऱ्यांनी वर्षातील चार महिने मुलीच्या अथवा सुनेच्या गावी काढावेत आणि तेथे पाहुण्यासारखे नव्हे, तर घरच्यासारखे राहावे. विद्यापीठांच्या आवारात पाळणाघरे व्हावीत यासाठी ज्यांचा तेथे संबंध येतो, त्यांनी आग्रह धरावा. आपल्या वस्तीत अशी एखादी तरुण आई पीएच. डी.चा प्रबंध लिहीत असेल, तर शेजारच्या दोन घरांनी संध्याकाळचे दोन तास तिचे मूल आपल्याकडे खेळू द्यावे. जेवणाचा डबा पाठविण्याची सवय आपल्याला आहेच.