पिकांचें अंगचें बळ

भातावरील करपा हा रोग कोंकणांतील शेतकऱ्यास नवा नाहीं. पानांवर दोन्ही टोकांस निमुळते, मध्यें राखी रंगाचे ठिपके पडतात. रोग लोंबीच्या मानेस लागला तर दाणा पोकळ राहतो. याचें मूळ एक सूक्ष्म बुरशी होय. तिच्यावर विष फवारावें, हा परिचित उपाय. परंतु बुरशीस न मारतां पिकालाच सावध करणारीं औषधेंही आहेत, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल.

अमेरिकेंत फ्रँक रॉस यांनीं १९६१ सालीं असें दाखविलें कीं, तंबाखूच्या कांहीं पानांस विषाणूची बाधा झाली म्हणजे त्याच झाडाचीं इतर निरोगी पानेंही पुढील हल्ल्यास सहसा दाद देत नाहींत. १९७९ सालीं इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें रेमंड व्हाइट यांनीं तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोंचलें, तेव्हां तसेंच बळ उत्पन्न झालें. याचा उलगडा १९९० सालीं होऊं लागला. ॲस्पिरिन ज्या सॅलिसिलिक आम्लापासून करतात, तेंच आम्ल विषाणूनें ग्रासलेली तंबाखू आणि बुरशीनें ग्रासलेली काकडी आपल्या अंगीं वाढवितात, असें आढळलें. गांवांत दवंडी पिटावी तसा संकटाचा इशारा झाडभर पोंचविण्याच्या कामीं हें आम्ल साहाय्य करतें.

जपानांत १९७० नंतरच्या दशकापासून करप्यावर प्रोबेनाझोल नांवाचें दाणेदार औषध वापरांत आहे. खाचराच्या पाण्यांतून मुळें तें शोषून घेतात. प्रयोगशाळेंतील बशींत तें बुरशीला फारसें बाधत नाहीं. भाताच्या अंगीं गेलें म्हणजे मात्र भात स्वतःच रोगाशीं झुंजतो. बुरशीनाशक विषें पचविणाऱ्या बुरश्या कालांतरानें निपजतात. या औषधाचा अनेक दशकें वापर होऊनही तसा अनुभव आलेला नाहीं.

तथापि हें बळ फुकटचें नव्हे. जर्मन संशोधकांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, रोग नसतांना अशाच एका औषधानें सावध केलेल्या गव्हाची वाढ खुंटली व दाणे कमी भरले. शिवाय ठिपके दिसूं लागल्यावर इशारा देऊन उपयोग थोडा. तो आधींच दिला पाहिजे. म्हणून शेत हिरवेंगार दिसत असतांच, ढगाळ हवा, रात्रीचें दंव आणि नत्रखताचा अतिरेक पाहून शेतकऱ्यास निर्णय घ्यावा लागतो. तो चुकला तर एकीकडे रोग, दुसरीकडे व्यर्थ खर्च आणि घटलेलें पीक. शहरांतील ताटांत पडणाऱ्या भातामागें हाही हिशेब असतो.