पाणीही परगावचे
(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात गतकाळाचे स्मरण करावे, असा प्रघात आहे. परंतु ज्या दिल्लीने या मंडळाला पन्नास वर्षे आसरा दिला, तिची वाढती वस्ती आणि तिचे पाणी यांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी घेतो. या विषयात आपण तटस्थ प्रेक्षक नाही. या वाढीचे आपणही एक अंश आहोत.

१९४१ च्या शिरगणतीत दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजार झाली. फाळणीने देशोधडीला लागलेले सुमारे ५ लाख निर्वासित येथे आले. येथील असंख्य मुसलमान कुटुंबे सीमेपार गेली. दहा वर्षांत नव्वद टक्के वाढ! इतका वेग पुढील कोणत्याही जनगणनेत दिसला नाही. तरीही लजपतनगर, राजेंद्रनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि कालचे निर्वासित या नगराचे आधारस्तंभ झाले. पुढे देशभरातून माणसे येत राहिली आणि २०११ मध्ये ही संख्या १ कोटी ६८ लाखांच्या घरात गेली.

देशाचे चित्र असेच आहे. १९५१ मधील ३६ कोटींचे २०११ मध्ये १२१ कोटी झाले. त्याच काळात दरडोई वार्षिक जलउपलब्धता ५,१७७ घनमीटरांवरून १,५४५ घनमीटरांवर उतरली. नद्या त्याच, पाऊस तोच, वाटेकरी वाढले. हा धोका ओळखणाऱ्यांत आपले र. धों. कर्वे अग्रणी होते. त्यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. शासनाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्रीमागे सरासरी अपत्यांचे प्रमाण देशात २ आणि दिल्लीत १.६ इतके खाली आलेले आढळले. म्हणजे पाळणा लांबला आहे. परंतु तरुणांची संख्या मोठी असल्यामुळे देशाची लोकसंख्या आणखी काही दशके वाढतच राहणार.

“बाहेरच्यांनी गर्दी केली, म्हणून नळ कोरडे पडले,” असे उद्गार आपल्याही बैठकांत ऐकू येतात. पण नळातले पाणी तरी कोठले? यमुनेचे पाणी हरियाणातून येते आणि त्याची वाटणी पाच राज्यांच्या १९९४ च्या करारानुसार होते. भाक्र्याचे पाणी हिमाचलातून येते. गंगेचे पाणी टिहरीहून येते. त्या धरणाच्या जलाशयात जुने टिहरी गाव बुडाले आणि तेथील माणसे परागंदा झाली. ज्या नगराचे पाणीच परगावचे, तेथे पाहुणा कोण आणि यजमान कोण?

परकीयांनी सीमा ओलांडून कसे यावे, हे ठरविणे राज्याचे काम आहे आणि ते कायद्यानेच व्हावे. देशबांधवांची गोष्ट निराळी. भारतात कोठेही जाऊन वसण्याचा अधिकार घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. त्याच अधिकाराने आपण येथे आलो. मुंबईतील आपले आप्त परप्रांतीयांच्या लोंढ्याविषयी बोलतात, तेव्हा आपण माना डोलावतो. येथे मात्र आपणच परप्रांतीय असतो. दोन्ही ठिकाणी एकच माप लावण्याचे धैर्य आपल्यात हवे.

याचा अर्थ नगराने अमर्याद वाढावे, असा नव्हे. माणसाला गावातच काम, शाळा आणि दवाखाना मिळाला, तर तो हौसेने घर सोडणार नाही. तोवर भाराचे मोजमाप नुसत्या डोक्यांवरून करता येणार नाही. झोपडपट्टीतील कुटुंब टँकरच्या चार बादल्यांवर दिवस काढते आणि आपण नळी लावून मोटारी धुतो. कोणाचा भार अधिक, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

तेव्हा एक सूचना करून थांबतो. मंडळाच्या गच्चीवरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची व्यवस्था याच वर्षी पूर्ण करावी. तसेच कामासाठी नव्याने येणाऱ्या कुटुंबांना, त्यांची भाषा न विचारता, शिधापत्रिका आणि शाळाप्रवेशाचे अर्ज भरून देण्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ आपले कार्यालय उघडे ठेवावे. आपले पूर्वसूरी येथे उतरले, तेव्हा त्यांनाही कोणीतरी असेच साहाय्य केले असेल.