तुरळक नावाचे गाव



संध्याकाळी पारावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, असा आमचा परिपाठ आहे. जून उजाडला की लोक म्हणतात, आधी पावसाचं वाचा. एका वर्षी सलग आठ दिवस एकच ओळ येत होती. नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल. आमच्या गावात थेंब नव्हता. नवव्या दिवशी एक म्हातारबाबा म्हणाले, "गुरुजी, हे तुरळक गाव कोणत्या तालुक्यात आलं हो? रोज पाऊस पडतो तिथं. आमची धाकटी तिकडंच द्यायला हवी होती."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर मनात आले, बाबांचे काय चुकले? आम्ही शब्द वाचून दाखवला. त्याचा अर्थ कोणी सांगितला? म्हणून आज तोच सांगायला उभे आहोत.

हवामान खात्याचे शब्द सोनाराच्या गुंजेसारखे मोजलेले असतात. समजा, एका भागात पाऊस मोजायच्या १०० जागा आहेत. त्यांतल्या २५ पर्यंत जागी पाऊस पडणार असेल तर ते 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० जागी, तर 'काही ठिकाणी'. ५१ ते ७५ जागी, तर 'बऱ्याच ठिकाणी'. त्याच्यावर गेला की 'बहुतेक ठिकाणी'. म्हणजे तुरळक पाऊस सांगितला, २० जागी पडला आणि ८० जागा कोरड्या राहिल्या, तरी खात्याचे बोलणे खरे. आणि तुमचे शेत कोरडे, हेही खरे. भांडण कोणाशी करणार?

आणखी एक गंमत. अडीच मिलिमीटरच्या खाली पाऊस झाला तर त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणत नाहीत. तुमचे धोतर भिजले असेल, पण खात्याच्या वहीत तो दिवस पावसाचा नाही.

मिलिमीटर म्हणजे काय, तेही पाहून घ्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४ हजार लिटर पाणी. आपण पाऊस जोरात आला की मुसळधार म्हणतो. खाते तसे म्हणत नाही. २४ तासांत साडेचौसष्ट मिलिमीटर झाला, तर तो मुसळधार. एका एकरावर दहा हजार लिटरचे २६ टँकर ओतले असे समजा. दहा मिनिटे धो धो कोसळून गेला तर तो मुसळधार नव्हे. आणि रात्रभर गुपचूप पडत राहिला तर सकाळी तो मुसळधार ठरतो. पेरणीचेही असेच आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते. आपण मातीचा वास आला की पाभर बाहेर काढतो.

आता 'सरासरीइतका पाऊस' हा शब्द घ्या. हा फार फसवा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सगळ्या देशात मिळून साधारण ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून ही सरासरी काढली आहे. शंभराला ९६ ते १०४ पडला की झाली सरासरी. पण सगळा देश राहू द्या, आपला जिल्हाच पाहा. १५ तालुके. इगतपुरीच्या माणसाचे घोंगडे चार महिने वाळत नाही. येवल्याचा माणूस टँकरच्या मागे हंडा घेऊन उभा. दोघांची सरासरी काढली तर दोघेही सुखी!

आपल्या पंचांगाला हे ठाऊक असावे. तिथे पावसाच्या नक्षत्राला वाहन असते. बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर भरपूर पाऊस. घोडा असेल तर डोंगरावर पाऊस. आम्हाला तर वाटते, इगतपुरीला सगळी नक्षत्रे घोडाच आहे.

'घाटमाथ्यावर मुसळधार' असे ऐकले की सपाटीवरचे लोक कान झाकून घेतात. ते बरे नव्हे. त्र्यंबकच्या डोंगरात पडलेले पाणी गंगापूर धरणात येते. धरणाचे दरवाजे उघडले की ते रामकुंडावर येते. नाशिकला ऊन पडलेले असते आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेले असते.

लोक खात्यावर चिडतात. २०१७ सालच्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. अंदाजावर भरवसा ठेवून पेरले आणि पावसाने पाठ फिरवली. बी गेले, खत गेले. यात हसण्यासारखे काही नाही. खात्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की गडगडाटी ढग दोन-तीन तासांत तयार होतो आणि चार-पाच गावांवर रिकामा होतो. तो चार दिवस आधी कोणत्या शिवारावर येईल हे सांगणे कठीण. म्हणून दूरचा अंदाज ढोबळ असतो, आणि तीन तासांचा अंदाज त्याहून पक्का. अहो, त्या कचेरीनेच तीनदा बिऱ्हाड हलवले. कलकत्त्याहून सिमला, १९२८ साली सिमल्याहून पुणे, १९४४ साली दिल्ली. पुण्यातल्या तिच्या जागेला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. मग ढगाने शिवार बदलले तर नवल काय?

रंगांचेही ऐका. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. शाळेतल्या पोरांच्या मते लाल म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी दिली की हमखास ऊन. एका शब्दाची मात्र थट्टा नको. 'मेघगर्जनेसह' असे ऐकले की झाडाखाली उभे राहू नका, पक्क्या घरात या. वीज कुठे पडते ते सांगणारे दामिनी नावाचे ॲप पुण्याच्या संस्थेने केले आहे. घरात कोणाच्या मोबाइलमध्ये ते असू द्या.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते. तरी एका चैत्रात काय झाले, ते सांगतो. कांदा काढून शेतात ढीग घातले होते. नातवाने मोबाइलवर वाचले, "पिवळा इशारा. मेघगर्जनेसह पाऊस, तुरळक ठिकाणी गारा." सूनबाई म्हणाल्या, "तात्या, ताडपत्री टाकून घेऊ का?" आम्ही खाटेवर बसून त्यांना शंभरात पंचवीसचा हिशेब समजावून दिला. पंचाहत्तर जागा सोडून आपल्याकडेच कशाला येतोय? त्या गप्प बसल्या.

चार वाजता आभाळ काळे झाले. अर्धा तास गारा पडल्या. भिजलेला कांदा चाळीत भरला, तो महिन्याभरात निम्मा सडला. सूनबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या संध्याकाळी पारावर जाऊ नये असे वाटत होते. तरी गेलो. म्हातारबाबा आधीच येऊन बसले होते. त्यांनी सरकून आम्हाला जागा दिली आणि हळूच विचारले, "गुरुजी, सापडलं का तुरळक?"