धंद्याची कल्पना : शोध आणि पारख



धंदा करावा असे मनात आले की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पैशाचा. भांडवल कोठून आणावे, कर्ज कोण देईल, अनुदान किती मिळेल? हे प्रश्न खरेच आहेत. पण त्यांचा नंबर दुसरा. आधी विचारायचे ते असे की, करायचे काय, आणि ते चालेल हे कशावरून? न पारखलेल्या कल्पनेवर काढलेले कर्ज शेवटी जमिनीच्या तुकड्यावर नाहीतर घरातल्या दागिन्यांवर येऊन बसते. म्हणून आज भांडवलाची गोष्ट बाजूला ठेवू आणि कल्पना शोधावी कोठे व पारखावी कशी, एवढेच पाहू.

पुष्कळांची समजूत अशी की, कल्पना सुचणे हे विद्वानांचे किंवा शहरातल्या लोकांचे काम. वस्तुतः ती बहुधा आपल्या डोळ्यांसमोरच असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले होते. माझ्या मते ती तीन ठिकाणी हमखास शोधावी : लोकांच्या अडचणीत, डोळ्यांदेखत होणाऱ्या नासाडीत आणि आपल्या हातच्या कसबात.

अडचणीचे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे घ्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावी आले आणि त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. पण भोवतालची वस्ती शेतकऱ्यांची. गुरांना कडबा तोडून घालायला वेळ लागतो, लाकडी नांगर खोल जात नाही, या तिथल्या रोजच्या अडचणी. त्यांतून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि पुढे लोखंडी नांगर निघाला. आता कोणाला वाटेल, नांगर निघाला आणि लोकांनी उचलला. तसे मुळीच झाले नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोनएक वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. यातून घ्यायचे ते एवढेच की, अडचण खरी असली तरी गिऱ्हाइकाच्या मनातली शंका फिटेपर्यंत माल हलत नाही. कल्पना कितीही चांगली असो, तेवढे दिवस तग धरण्याइतकी पुंजी गाठीला हवी.

दुसरी जागा नासाडीची. तयार झालेले द्राक्ष बाजाराची वाट पाहात थांबत नाही. भाव पडला तरी ते तोडावेच लागते. तासगावच्या बाजूला शेतकऱ्यांनी त्याचा बेदाणा करायला घेतला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. वजन घटते, पण माल शीतगृहात कित्येक महिने टिकतो आणि भावाची वाट पाहू शकतो. कोकणातला रातांबा पाहा. त्याच्या सालीचे आमसूल होते, रसाचे सरबत होते, आणि राहिलेल्या बीपासून कोकमतेल निघते. टाचांच्या भेगांना आजी लावायची तेच हे तेल आज सौंदर्यप्रसाधनांत जाते. तेव्हा आपल्या गावात काय सडते, काय उकिरड्यावर जाते, काय मातीमोल भावाने विकले जाते, याची एक यादी करा. त्या यादीत एखादा धंदा दडलेला असू शकतो.

तिसरी जागा हातच्या कसबाची. १५ मार्च १९५९ या दिवशी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. तोच पुढचा लिज्जत पापड. आता पापड ही काय नवी वस्तू आहे? घरोघरी होत होता. नवी होती ती मांडणी. सकाळी केंद्रावरून भिजवलेले पीठ न्यायचे, घरचे काम सांभाळून लाटायचे, वाळलेले पापड परत आणून मजुरी घ्यायची आणि नफातोटा सर्व भगिनींनी वाटून घ्यायचा. बाईला घर सोडता येत नाही, ही अडचणसुद्धा त्या मांडणीनेच सोडवली. कल्पना म्हणजे दर वेळी नवी वस्तू असावी असे नाही. जुन्याच वस्तूची नवी व्यवस्था हीदेखील कल्पनाच.

मात्र एका ठिकाणी कल्पना शोधू नये, ती म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात. ईमू नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या पक्ष्याची हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. काही वर्षे तो पाळण्याची आपल्याकडे लाट आली होती. अंड्याला भाव, पिलाला भाव, जोडीला त्याहून भाव. पण ती अंडी आणि पिले घेत कोण होते? नव्याने ईमू पाळू पाहणारा पुढचा शेतकरी! मांस खाणारा आणि तेल विकत घेणारा खरा गिऱ्हाईक फारसा कोठे नव्हताच. नवे पाळणारे थांबले आणि २०१२ च्या सुमारास सारा डोलारा कोसळला. पक्ष्यांना खाऊ घालणे परवडेना, म्हणून काहींनी ते मोकळे सोडून दिले. कर्ज मात्र मोकळे सुटत नाही. म्हणून पारखीचा पहिला प्रश्न हा : माझा माल अखेरीस वापरणार कोण, आणि आज तो माणूस काय वापरतो?

दुसरा प्रश्न हिशेबाचा. समजा, गावात मिरची कांडपाचे यंत्र घालावे असे एखाद्या ताईंच्या मनात आले. आकडे मी समजुतीसाठी धरतो. तुम्ही आपल्या गावचे घाला. यंत्र आणि मांडणी मिळून ६०,००० रुपये कर्ज. कांडपाचा दर किलोला ३० रुपये. त्यातून वीज, झीज आणि मदतनीस यांना १२ गेले, उरले १८. हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, म्हणजे ७५ दिवस धरू. रोज ४० किलो म्हटले तर ३,००० किलो झाले आणि हाती आले ५४,००० रुपये. छान वाटते! पण ताई स्वतः ७५ दिवस राबल्या, त्याची मजुरी कोणी धरायची? रोज ४०० रुपयांनी ३०,००० होतात. उरले २४,०००. कर्ज तीन वर्षांत फेडायचे तर पहिल्या वर्षी मुद्दलाचे २०,००० आणि दहा टक्क्यांनी व्याज सुमारे ६,०००. म्हणजे दोन हजारांची खोट!

याचा अर्थ कांडपयंत्र वाईट, असा नाही. ही कल्पना अडीच महिन्यांची आहे आणि कर्ज मात्र बारा महिन्यांचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. उरलेल्या साडेनऊ महिन्यांत हळद, मसाला, दळण यांपैकी काय मिळेल, हे आधी ठरले पाहिजे. ‘घरचेच तर काम आहे’ म्हणून स्वतःची मजुरी हिशेबातून वगळणे ही आपल्याकडची फार मोठी चूक आहे. तिच्यामुळे तोट्यातला धंदा वर्षानुवर्षे फायद्यातला वाटत राहतो, आणि घरातली बाई फुकट राबत राहते.

तिसरा प्रश्न : थोडक्यात चाचणी कशी घेता येईल? शितावरून भाताची परीक्षा करतात, त्यासाठी कोणी सबंध हंडा रिता करीत नाही. ताईंनी यंत्र घेण्यापूर्वी पन्नास घरी जावे. ‘मी यंत्र घातले तर याल का?’ असे विचारू नये. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘गेल्या वर्षी किती किलो मिरची कांडली, कोठे कांडली, काय पडले?’ असे विचारावे. आशेपेक्षा आठवण खरे बोलते. मग एक हंगाम गावची मिरची गोळा करून तालुक्याच्या गिरणीतून कांडून आणून द्यावी. फायदा थोडा होईल, कदाचित होणारही नाही. पण गिऱ्हाईक किती आणि कसे, हे यंत्राविना कळेल. खाण्याचा पदार्थ करून विकायचा असेल तर तो घरी केलेला असला तरी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, हेही सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे.

चौथी आणि माझ्या मते खरी कसोटी दुसऱ्या खेपेची. पहिला माल नातेवाईक घेतात, भिडेखातर शेजारी घेतात, कौतुकाने गावचे पुढारीही घेतात. ज्याची तुमची ओळख नाही असा माणूस पैसे देऊन एकदा घेऊन गेला आणि न बोलावता पुन्हा आला, तेव्हा कल्पना पास झाली असे समजा. तोवर मोठे कर्ज काढू नका. आणि तो परत आला नाही, तर रागावू नका. का आला नाही ते विचारून घ्या. ते उत्तर कडू असते, पण फुकट मिळते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलामुलींकडून गावाची एक पाहणी करून घ्या. गावात दर महिन्याला बाहेरून काय काय येते, गावातून कच्चे काय जाते, नासते काय आणि कोणाच्या हातात कोणते कसब आहे, असे चार रकाने आखा. गणिताच्या तासाला नफातोट्याची उदाहरणे पुस्तकातल्या आंब्यांच्या पेटीवर सोडवतोच. ती कधी गावच्या मिरचीवर आणि दुधावर सोडवू द्या. त्यातली चार मुले जरी स्वतःची मजुरी हिशेबात धरायला शिकली, तरी उद्या कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी त्यांचा हात क्षणभर थांबेल.

कल्पना धाडसाची असावी, पारख सावकाराच्या डोळ्याची असावी आणि सुरुवात चार पुडक्यांची असावी. यंत्र नंतरही आणता येते. गेलेली जमीन परत आणणे फार कठीण.